खेळाचे नियम आणि कर्त्याची बिदागी

“चार मित्रांनी एकत्र बसून एखादी गोष्ट रचावयाची, तर त्यासाठी तिऱ्हाइताने लिहिलेले पुस्तक विकत कशास घ्यावे?” भूमिकाखेळांविषयी बोलणे निघाले म्हणजे हा प्रश्न हटकून विचारला जातो. विचारणारा अरसिक असतो असे नाही; उलट ज्याला गोष्टीची गोडी आहे तोच तो विचारतो. वरवर साध्या वाटणाऱ्या या प्रश्नात दोन शंका एकमेकींत गुंतलेल्या आहेत. या खेळाचा कर्ता नेमके काय निर्माण करतो, ही पहिली. आणि त्या निर्मितीचे मोल त्याला कसे द्यावे, ही दुसरी. पहिली शंका कलेची व दुसरी व्यवहाराची, असे समजून समीक्षक पहिलीचा विचार करतात आणि दुसरी बाजारावर सोडून देतात. ही विभागणी चुकीची आहे, असे आमचे मत आहे. कर्त्याला मोबदला ज्या रीतीने मिळतो ती रीत त्याच्या कृतीच्या अंगात उतरते; म्हणून ती टीकेचाही विषय आहे. प्रस्तुत लेखात हेच दाखवावयाचे आहे.

ज्यांना हा प्रकार अपरिचित असेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. इंग्रजीत ज्याला ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात त्याला येथे सोयीसाठी भूमिकाखेळ म्हटले आहे. चार-पाच माणसे एका टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. एक जण बहुधा सूत्रधार होतो. सूत्रधार प्रसंग सांगतो, आपले पात्र काय करते ते खेळाडू सांगतात, आणि कृती साधली की फसली याविषयी संशय असेल तेथे फासे टाकून निर्णय करतात. रंगमंच नाही, रंगभूषा नाही, प्रेक्षक नाहीत. जे खेळतात तेच ऐकणारे. कित्येकदा एकच कथा महिनोन् महिने, दर आठवड्यास एक बैठक याप्रमाणे चालते.

जत्रेतला दशावतारी काला ज्यांनी रात्रभर जागून पाहिला असेल त्यांना यातील मर्म चटकन ध्यानी येईल. तेथे नटाच्या हाती संवादांची लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेले असते, कोणी कोणत्या वेळी यावयाचे हे ठरलेले असते. बोलणे मात्र नट उभ्या उभ्या रचतो. म्हणून तेथे रचना नाही असे कोणी म्हणत नाही. चौकट पक्की असते म्हणूनच नटाला तिच्या आत मोकळेपणाने वावरता येते. भूमिकाखेळातही खेळाडूंना मोकळे करणारी अशीच एक चौकट असते. फरक इतकाच की, दशावताराची चौकट पिढ्यान् पिढ्यांनी घडविली. भूमिकाखेळाची चौकट एका-दोघा हयात माणसांनी बसून लिहिलेली असते. त्यांची नावे पुस्तकावर असतात, आणि त्यांना आपला संसार चालवावयाचा असतो.

या खेळांचा उगम अमेरिकेत झाला. लहान पुतळे मांडून लढाया खेळणाऱ्या शौकिनांच्या मंडळांतून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे दोघे पुढे आले. त्यांनी सिद्ध केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. एका पेटीत तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, आणि पहिल्या मुद्रणाच्या एक हजार प्रती, असे त्याचे स्वरूप होते. पुस्तिकांची भाषा ओबडधोबड होती आणि कित्येक नियम अर्धवट होते. तरीही त्यांत एक अशी युक्ती होती की जिचा विचार आजही प्रत्येक नव्या कर्त्याला करावा लागतो.

ती युक्ती बक्षिसाची होय. पात्राची योग्यता वाढावयाची तर त्याने अनुभवाचे गुण मिळवावयाचे असत. आरंभीच्या नियमांत हे गुण राक्षसांस मारून थोडे मिळत, पण भुयारातील धन बाहेर आणल्याने पुष्कळ मिळत. एका सुवर्णमुद्रेस एक गुण, असा हिशेब होता. परिणाम असा झाला की शहाणे खेळाडू लढाई टाळू लागले. राक्षसाला झोपू द्यावे, त्याच्याशी बोलणी करावी, त्याला फसवावे, आणि धन घेऊन निघून जावे, हे शहाणपण ठरले. पुढे १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत धनाचे गुण ऐच्छिक झाले, आणि २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत शत्रूवर मात करण्यालाच मुख्य महत्त्व आले. भुयार तेच, राक्षस तेच. पण आता खेळाडू तलवार उपसूनच आत शिरू लागला. शौर्य दाखवा किंवा चातुर्य दाखवा, असा उपदेश कर्त्यांना करावा लागला नाही. बक्षीस कशास द्यावयाचे तेवढे बदलले आणि खेळणाऱ्याचा स्वभाव बदलला.

हे सूत्र वाचकांनी स्मरणात ठेवावे अशी विनंती आहे, कारण पुढे ते खेळाडूंस सोडून खुद्द कर्त्यांसच लावावयाचे आहे.

नियम लिहिणे ही लेखनकला कशी होते हे पाहण्यासाठी अलीकडच्या दोन कृती घेऊ. २०१० साली व्हिन्सेंट बेकर आणि त्यांच्या पत्नी यांचा ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ हा खेळ प्रसिद्ध झाला. जगाचा विध्वंस झाल्यानंतर उरलेल्या माणसांची ही कथा आहे. त्यात कोणतीही जोखमीची कृती करताना सहा बाजूंचे दोन फासे टाकतात. बेरीज दहा किंवा अधिक आली तर कार्य साधले. सहा किंवा कमी आली तर पुढचे पाऊल सूत्रधाराचे, आणि ते बहुधा खेळाडूला जाचणारे. पण खरी गंमत मधल्या सात ते नऊ या आकड्यांत आहे. तेथे कार्य साधते, परंतु त्याची काही किंमत मोजावी लागते: मित्र वाचतो पण शत्रूला आपला पत्ता लागतो, दार उघडते पण आवाज होतो. दोन फाशांच्या बेरजेत मधले आकडेच अधिक वेळा येतात, आणि पात्राच्या अंगचे गुण त्या बेरजेत मिळविले तरी हा मधला टप्पा वारंवार लागतो. त्यामुळे या जगात निर्भेळ यश विरळा होते. विध्वस्त जगातले जिणे कसे असेल हे येथे वर्णनाने सांगितलेले नाही. ते गणितात घातलेले आहे. सूत्रधाराने काय करावे आणि काय करू नये हेही या पुस्तकात त्याच्या कर्तव्यांच्या रूपाने लिहिलेले आहे. आधीच्या बहुतेक पुस्तकांनी सूत्रधाराला सल्ला दिला होता. येथे त्याला खेळाडूंइतकेच नियमाने बांधले.

दुसरी कृती एव्हरी ऑल्डर यांची ‘द क्वाएट यिअर’, २०१३ सालची. तिला पत्त्यांचा एक साधा जोड, काही फासे, काही खडे, कागद व पेन्सिल एवढेच लागते. एका लहान वस्तीवरील संकट नुकतेच टळले आहे आणि तिला एक वर्षाची स्वस्थता लाभली आहे. वर्षाचे आठवडे बावन्न आणि जोडातील पाने बावन्न. बदाम म्हणजे वसंत आणि इस्पिक म्हणजे हिवाळा. दर आठवड्यास एक पान उलटावयाचे, त्यातील प्रसंग सांगावयाचा, आणि वस्तीचा नकाशा कागदावर थोडा थोडा काढीत जावयाचा. इस्पिकाचा राजा निघाला की खेळ तेथेच संपतो, मग तो हिवाळ्याच्या पहिल्या आठवड्यात निघो की शेवटच्या. येथे सूत्रधार नाही, आणि खेळाडूंना स्वतःचे असे एक पात्रही नाही. ते वस्तीतील विचारांचे निरनिराळे प्रवाह असतात.

या खेळातील एका नियमाने आम्हांस विशेष विचारात पाडले. आपल्याला न विचारता काही ठरविले गेले असे ज्या खेळाडूला वाटेल, त्याने मधल्या ढिगातून एक खडा उचलून आपल्यापुढे ठेवावयाचा. हा अवहेलनेचा खडा. त्याने कोणाचे गुण वजा होत नाहीत, कोणाचा डाव अडत नाही. तो नुसता तेथे राहतो. सभा भरवावी तर तीतही प्रत्येकाने एकदाच, एक-दोन वाक्ये बोलावयाची. ठराव नाही, मतदान नाही. आम्ही चौघे जण एका संध्याकाळी हा खेळ खेळलो तेव्हा वस्तीच्या विहिरीवर पहारा बसवावा की नाही यावरून दोघांच्या पुढे खडे जमले. बोलण्यात कोणी आवाज चढविला नव्हता. पण हिवाळ्याची पाने उलटू लागली तेव्हा प्रत्येकाची नजर त्या खड्यांकडे जात होती, आणि जो तो आपला निर्णय सांगण्यापूर्वी थबकत होता. समाजात न बोललेला राग कसा साठतो हे कथालेखक सांगतो. येथे ते चार माणसांच्या अनुभवास आणून दिले, आणि तेही मूठभर खड्यांच्या साहाय्याने. वस्ती आमची, विहीर आमची, भांडणही आमचे. परंतु तो खडा ऑल्डर यांचा. आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देऊ.

तथापि हा खडा कायद्याच्या दृष्टीने ऑल्डर यांचा नाही, आणि येथूनच व्यवहाराची बाजू सुरू होते. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे लेखनहक्क शब्दरचनेला आणि चित्रांना मिळतो. खेळण्याच्या पद्धतीला मिळत नाही. कोणीही तो नियम आपल्या शब्दांत लिहून आपल्या खेळात घालू शकतो. तसे असणे एका अर्थी योग्यच आहे. उपमा एकदा कोणी वापरली म्हणून तिच्यावर कुंपण घातले असते तर काव्य संपले असते. पण याचा अर्थ असा की, कर्त्याच्या कामातील जो सर्वोत्तम भाग, त्याचेच रक्षण कायदा करीत नाही. राहिला त्या भागाला झाकणारा शब्दांचा विस्तार. पैसा मिळावयाचा तो त्याच्यावर.

या क्षेत्रातील पहिला मोठा तंटा याच मुद्द्यावर झाला. आर्नेसन यांनी १९७६ साली प्रकाशक-संस्था सोडली. त्यानंतर संस्थेने त्याच खेळाची वाढविलेली ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्ती काढली आणि ही कृती नवी असल्याने तिच्यावर आर्नेसन यांचा हक्क नाही अशी भूमिका घेतली. १९७९ साली आर्नेसन न्यायालयात गेले आणि १९८१ साली तडजोड झाली. पुस्तकातील वाक्ये गायगॅक्स यांची होती, हे खरे. पण एका माणसाने एकाच पात्राचे सोंग घ्यावे, भुयारात उतरावे आणि ते पात्र बैठकीमागून बैठक टिकावे, या गोष्टी आर्नेसन यांनी आपल्या मंडळात आधी खेळून दाखविल्या होत्या. लिहिणाऱ्याचे मोल ठरविता येते, योजणाऱ्याचे कसे ठरवावे, हा प्रश्न त्या पहिल्या पेटीबरोबरच जन्माला आला. पुढे १९८५ साली गायगॅक्स यांनाही त्याच संस्थेवरील आपला ताबा गमवावा लागला. १९९७ साली ती संस्था विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने घेतली, आणि १९९९ साली ती कंपनी हॅस्ब्रो या खेळण्यांच्या व्यापाऱ्याकडे गेली.

२००० साली या कंपनीने एक उदार पाऊल टाकले. खेळाच्या मूळ नियमांचा मजकूर कोणीही मोबदला न देता वापरावा, काही अटी पाळाव्या आणि आपली पुस्तके विकावी, असा खुला परवाना दिला. त्या आधारावर कित्येक लहान प्रकाशक उभे राहिले. बावीस वर्षांनी कंपनीला वेगळी बुद्धी सुचली. जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला. त्यात जुना परवाना रद्द मानावा, वर्षाला पन्नास हजार डॉलरपेक्षा अधिक विक्री करणाऱ्याने हिशेब द्यावा, आणि साडेसात लाखांवरील विक्रीवर पंचवीस टक्क्यांपर्यंत भाग कंपनीला द्यावा, अशी कलमे होती. खेळाडू आणि लेखक यांचा क्षोभ इतका झाला की २७ जानेवारीस कंपनीने माघार घेतली आणि नियमांचा तो मजकूर ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या परवान्याने कायमचा मोकळा केला.

स्वतंत्र कर्त्यांचा हा विजय म्हणून साजरा झाला, आणि तो विजय होताच. पण त्याचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. दुसऱ्याचे नियम वापरण्याचे स्वातंत्र्य शाबूत राहिले. त्या स्वातंत्र्याने कोणाच्या हाती एक सेंटही पडला नाही. शिवाय स्वतंत्र कर्त्यांमध्ये ही उदारता आधीपासून होती. बेकर दांपत्याने आपल्या खेळाची पद्धत कोणीही परवानगी न विचारता वापरावी असे जाहीर केले होते, आणि तिच्यावरून शेकडो खेळ निघाले. त्याच कुळातील ‘अवतार लेजंड्स’ या खेळाने २०२१ साली आगाऊ वर्गणीतून पंच्याण्णव लाख डॉलरहून अधिक रक्कम जमविली. मूळ कर्त्यांनी त्यात वाटा मागण्याची अटच ठेवली नव्हती. घेण्याची मोकळीक आणि देण्याचे कर्तव्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची सोय परवान्याने होते. दुसरीची सोय कोणताही परवाना करीत नाही. ती वाचकाने आणि प्रकाशकानेच करावयाची असते.

आता मोबदल्याच्या प्रचलित रीती पाहू, आणि खेळाडूंस लावलेले बक्षिसाचे सूत्र त्यांना लावू.

सर्वांत जुनी रीत शब्दागणिक दराची. मोठे प्रकाशक पुस्तकाचे तुकडे करून कामापुरत्या नेमलेल्या लेखकांकडे देतात आणि दर शब्दाला अमुक सेंट असा हिशेब करतात. अमेरिकेतील विज्ञानकथा-लेखकांच्या संघटनेने २०१९ साली कथेसाठी व्यावसायिक दर आठ सेंट ठरविला. भूमिकाखेळांच्या लेखनात त्याहून कमी दर सर्रास दिसतात. काम पुरे झाले की बहुधा सर्व हक्क प्रकाशकाचे होतात. पण दर अपुरा आहे एवढीच तक्रार करून भागणार नाही. दर दुप्पट केला तरी दोष राहतोच. चांगला नियम आखूड असतो. दहा वेळा खेळून पाहून, नऊ परिच्छेद खोडून, उरलेल्या चार ओळी लिहिणे हेच या कर्त्याचे काम. शब्दागणिक दराने त्या चार ओळींचे मोल चार ओळींइतकेच होते, आणि खोडलेल्या नऊ परिच्छेदांची मजुरी बुडते. तेव्हा लेखक खोडीत नाही. ज्या जाडजूड पुस्तकांत राज्यांचे इतिहास, देवतांच्या वंशावळी आणि शस्त्रांची कोष्टके पानोपानी भरलेली असतात आणि खेळावयास बसल्यावर ज्यांचा दशांशही उपयोगी पडत नाही, ती आळसाने झालेली नसतात. ज्याला दाम मिळाला तेच त्यांत लिहिले गेले.

दुसरी रीत आगाऊ वर्गणीची. आपल्याकडे प्रकाशनपूर्व नोंदणी असते तशीच ही. २००९ साली निघालेल्या ‘किकस्टार्टर’ने ती सर्वत्र पसरविली. तिचे उपकार मोठे आहेत. ज्या कर्त्याकडे छपाईचे भांडवल नाही त्याला सावकाराकडे न जाता पुस्तक काढता येते. पण येथे ग्राहक खेळ खेळण्यापूर्वी पैसे देतो. त्याला दिसतात ती चित्रे, सोनेरी कडा, कापडी नकाशा आणि पेटी. वर्गणी अमुक आकड्यापुढे गेली तर आणखी एक प्रकरण घालू, अशी वचने दिली जातात, आणि चाळीस पानांत पुरा झालेला खेळ दोनशे पानांचा होतो. २०१९ पासून त्याच व्यवस्थेत लहान पुस्तिकांसाठी एक वेगळा हंगाम सुरू झाला, आणि त्यातून कित्येक आटोपशीर, धीट कृती बाहेर आल्या. बक्षीस पातळ पुस्तिकेला दिले तर पातळ पुस्तिका लिहिल्या जातात, हे त्यावरून दिसते.

तिसरी रीत गठ्ठ्याची. जून २०२० मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णीयांवरील अन्यायाविरुद्ध आंदोलन चालू असता, ‘इच’ या विक्रीस्थळावरील कर्त्यांनी आपल्या सतराशेहून अधिक कृती एकत्र करून किमान पाच डॉलरांस देऊ केल्या. त्यांत भूमिकाखेळ पुष्कळ होते. ऐंशी लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली आणि ती कायदेशीर साहाय्याच्या व जामिनाच्या निधींस दिली गेली. दान म्हणून या कृत्याची थोरवी निर्विवाद आहे. देणाऱ्यांत कित्येक जण स्वतःच ओढगस्तीत असलेले होते. पण धर्मकार्यासाठी एकदा दिलेला भाव नित्याचा भाव मानला जाण्याचा धोका असतो. दानाचा हेतू नसलेले गठ्ठेही बाजारात असतात, आणि पाच डॉलरांत शेकडो खेळ मिळू शकतात हे कळलेला ग्राहक एका खेळाला आठ डॉलर देताना कुरकुरतो. त्याहून वाईट म्हणजे, गठ्ठा विकत घेणारा तो खेळत नाही, साठवितो. जो खेळ खेळला जात नाही त्याचे गुणदोष कोणी सांगत नाही, आणि कर्त्याला सुधारण्यास वाव राहत नाही.

चौथी रीत मोठ्याच्या अंगणात दुकान मांडण्याची. २०१६ सालापासून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची मालक कंपनी आपल्या काल्पनिक भूमी व पात्रे इतरांस वापरू देते, विक्रीचा अर्धा भाग लेखकाला मिळतो व उरलेला अर्धा कंपनी आणि विक्रीस्थळ वाटून घेतात. नवख्याला तयार गिऱ्हाईक मिळते, हा लाभ खरा. पण त्या अंगणात लिहिलेली कृती तेथेच राहते, आणि लेखकाला नवी पद्धत शोधण्याचे काहीच कारण उरत नाही. याउलट ‘इच’वर विक्रीस्थळाला किती द्यावयाचे ते कर्ता स्वतः ठरवितो, काही न ठरविल्यास दहा टक्के जातात. दोन्ही ठिकाणच्या कृती चाळून पाहाव्यात. पहिल्या ठिकाणी जुन्या खेळासाठी नवी साहसे आढळतात. दुसऱ्या ठिकाणी एका पानाचे, दोन माणसांचे, एकट्याने पत्रे लिहीत खेळावयाचे, असे नाना प्रकार आढळतात. प्रतिभा दोन्हीकडे सारखीच असेल. दाम कशास मिळतो ते वेगळे आहे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, हा छंद आहे. ज्याने प्रेमाने केले त्याने पैशाची भाषा कशास बोलावी? याचे उत्तर आपल्या समाजाला नव्याने सांगावे लागू नये. कीर्तनकाराला दिलेली बिदागी ही हरिनामाची किंमत नसते. नाम विकत मिळत नाही हे देणाराही जाणतो आणि घेणाराही. परंतु आख्यानाचा अभ्यास, गळ्याची मेहनत, आणि गावोगाव फिरताना घरी राहिलेली माणसे, यांची जाणीव त्या बिदागीत असते. ती न देणारा गाव कीर्तनाला निःस्वार्थ करीत नाही. ज्याच्या घरी दुसरे उत्पन्न आहे त्याच्यापुरतेच कीर्तन उरवितो. खेळांच्या क्षेत्रात हेच घडते. फुकटाचा आग्रह धरला की, ज्यांना फुकट लिहिणे परवडते तेवढ्यांचेच अनुभव खेळांत उतरतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सर्वांनाच किंमत परवडत नाही. दहा डॉलर म्हणजे आपल्याकडे आठशे रुपयांहून अधिक. एखाद्या विद्यार्थ्याने ते कोठून आणावे? या आक्षेपाला स्वतंत्र कर्त्यांनीच आपल्या आचरणाने उत्तर दिले आहे. त्यांच्यापैकी अनेक जण आपल्या खेळाच्या काही प्रती विनामूल्य राखून ठेवतात. कोणी किंमत दिली, किंवा किमतीहून अधिक दिले, की राखीव प्रतींत भर पडते. ज्याला ऐपत नाही त्याने कारण न सांगता त्यातील एक घ्यावी. महाप्रसादाच्या पंगतीचा खर्च कोणी एक उचलतो आणि पंगतीत कोणी कोणाची ऐपत विचारीत नाही, तसाच हा प्रकार आहे. यात किंमत खरी राहते, कर्त्याचा मान राहतो, आणि गरजूला याचना करावी लागत नाही. आम्ही पाहिलेल्या रीतींत ही रीत आम्हांस सर्वांत न्याय्य वाटते. तिच्यात चार ओळींच्या नियमालाही त्याच्या योग्यतेचा दाम लावता येतो, कारण दाम पानांवर नसून खेळावर असतो.

मग टीकाकाराने काय करावे? आजच्या बहुतेक परीक्षणांत पुस्तकाची चित्रे, कागद, पृष्ठसंख्या आणि किंमत यांची तुलना असते; इतक्या पैशांत इतकी पाने, म्हणून खेळ किफायतशीर, असा निर्वाळा दिला जातो. हे परीक्षण शब्दागणिक दराचेच दुसरे रूप आहे. लेखकाने फुगविलेले पुस्तक परीक्षकाने वजनावर तोलून घ्यावे, मग फुगवट्याला दोष कोणी द्यावा? परीक्षकाने खेळ खेळून पाहावा. कोणत्या नियमाने टेबलावर काय घडले ते सांगावे. जो नियम दुसऱ्याकडून आला असेल त्याच्या मूळ कर्त्याचे नाव घ्यावे. कायदा जेथे हक्क देत नाही तेथे टीकेने निदान श्रेय द्यावे. आणि पुस्तक अकारण मोठे असेल तर ते कोणत्या मोबदल्याने मोठे झाले, हेही लिहिण्यास कचरू नये.

रसिकाचे कर्तव्य याहून सोपे आहे. गठ्ठ्यातील शंभर खेळ साठविण्यापेक्षा एक निवडावा, त्याच्या कर्त्याने सांगितलेली किंमत द्यावी, चार माणसे जमवावीत आणि तो खेळावा. ऐपत असेल तर एक प्रत दुसऱ्यासाठीही ठेवावी. आमच्या त्या संध्याकाळच्या खेळाचा नकाशा अजून आमच्या एका मित्राच्या कपाटात आहे. विहीर, तिच्यावर शेवटी न बसलेला पहारा, आणि उत्तरेकडील एक वाट, एवढेच त्यावर ओळखू येते. खडे अंगणातून आणले होते, ते पुन्हा अंगणात गेले. पण एखाद्या सभेत कोणाला न विचारता काही ठरू लागले की, आम्हां चौघांपैकी कोणी तरी अजून टेबलाकडे पाहतो.